आईच्या कामाचा रकाना

त्यांनी मला स्टेजवर खाली बसवलं. वर चार खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या. मला सतरंजी दिली आणि समोर संत्र्यांचं एक कॅरेट ठेवलं. हॉलमध्ये कॉलेजच्या साठ पोरी बसलेल्या. कंपनीच्या मॅडमनं माइक घेतला आणि सांगितलं की अम्माजी आता छाटणी करून दाखवणार.

मी दाखवली. मोठं फळ एकीकडे, मधलं एकीकडे, बारकं म्हणजे चुरी तिसरीकडे. देठाजवळ अंगठा दाबला की आतून सडलेलं कळतं, ते मागे टाकायचं. मान वर न करता हात चालतो माझा. चाळीस वर्षं पांढुर्ण्यात संत्र्याच्या पॅकिंगला गेले आहे. कॅरेट रिकामं झालं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनं माझ्या नातीला, प्रज्ञाला, वर बोलावलं. तिचा हात मनगटाला धरून उंच केला, सगळ्यांना दिसेल असा. आणि म्हणाली,

"देखो, हुनर तो इनके खून में है."

पुन्हा टाळ्या. प्रज्ञा जमिनीकडे पाहत होती.

मी हसले. हे मला लपवायचं नाही. साठ पोरींसमोर जमिनीवर बसून, पदरानं हात पुसत मी हसले. आयुष्यात कोणी माझ्या कामाला टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तो कार्यक्रमाचा तिसरा दिवस होता. कार्यक्रम चार दिवसांचा. सौंसरजवळ फळांचा रस काढणारी एक कंपनी आहे, तिनं ठेवलेला. मुलींना करिअरची ओळख, असं त्याचं नाव. कारखाना दाखवणार, कोणतं काम कसं चालतं ते सांगणार, आणि शेवटी आठ मुली निवडून सहा महिने कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकायला ठेवणार. प्रज्ञा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला त्या आठांत यायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला. रसाचा एक थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावलं की गोडी किती ते दिसतं, असं एक यंत्र तिनं पुस्तकात पाहिलं होतं. महिनाभर तेच सांगत होती.

माझा मुलगा म्हणाला, चार दिवस एकटी सौंसरला नाही जायची. कॉलेजचा निरोप होता की घरची एक बाई सोबत चालेल. सून पॅकिंगला जाते, तिची सुट्टी होत नाही. मी गेले.

मला आधीपासून भरवसा नव्हता. फुकट खाऊ घालणाऱ्याला काय पाहिजे ते आधी पाहावं, अशी माझी रीत. पहिल्या दिवशी पोरींना पिशवी दिली, पाण्याची बाटली दिली. मी बाटलीचा वास घेतला. ओळखपत्रावर रक्तगट लिहायला सांगितलं, तेव्हा मी प्रज्ञाला बाजूला ओढलं. म्हटलं, रक्त काढून राहिले का हे लोक? ती म्हणाली, आजी, तू चूप बस, सगळे हसून राहिले. जेवण दिलं, ते मी खाल्लं नाही. घरून भाकर नेली होती. नंतर कळलं, जेवण चांगलं होतं, बाटली चांगली होती, रक्त कोणी काढलं नाही. सगळ्याच संशयांत मी खरी ठरले असं नाही.

एका संशयात ठरले.

ओळखपत्र गळ्यात घालायला पट्टी होती. काही पोरींना निळी, काहींना पिवळी. टेबलावरची बाई यादी पाहून देत होती. प्रज्ञाला पिवळी दिली. मी विचारलं, हे दोन रंग काहून? ती म्हणाली, कुछ नहीं अम्मा, जो हाथ में आया. मी तिच्या हाताकडे पाहिलं. तिचं बोट यादीवर जात होतं, मग पट्टीवर. हातात येईल ते देणारा माणूस यादी पाहत नाही. ढीग लागून राहिला आहे, हे मला दुरून दिसतं. तेच माझं काम होतं. आणि निळा रंग तर आमचा. तोही आमच्या पोरीला दिला नाही, असं मनात येऊन गेलं.

पिवळ्या अकरा होत्या. बाकी सगळ्या निळ्या.

दुसऱ्या दिवशी निळ्या पोरींना प्रयोगशाळेत नेलं, ऑफिसात नेलं. पिवळ्यांना पॅकिंगच्या लाइनवर. सोबतच्या बायांना बाहेर टिनाच्या शेडमध्ये बसवलं होतं, तिथून दोन्ही रांगा दिसत होत्या. दुपारी पिवळ्या पोरी माझ्याजवळ येऊन जेवायला बसल्या. प्रज्ञा म्हणाली, उद्या आमची पाळी असेल लॅबची. रामाकोन्याची एक पोरगी होती, तोंडाची मोठी. पट्टी बोटात धरून म्हणते,

"आजी, आमाले हळद तं लागली. नवरदेव कुठी आहे, ते पाहून राहिलो."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी विचारायला लागले.

ढीग पाहिला की मी आधी शोधते, हा कशावरून लावला. फळ मोठं म्हणून, की रंगावरून, की सालीवर कोळशीचा काळा थर चढला म्हणून. कशावरून तरी असतोच. मार्कांवरून? प्रज्ञाचे केमिस्ट्रीत वर्गात सगळ्यांत जास्त, आणि एक निळी पोरगी माझ्यासमोरच सांगत होती की तिचा एक पेपर राहिला आहे. इंग्रजीवरून? तिगावची एक पोरगी फडाफड इंग्रजी बोलत होती, ती पिवळ्यात. आडनावावरून? आडनाव विचारलं की मी समजून जाते, इतकी वर्षं झाली. आमच्यातल्या सहा पोरी होत्या, सहाही पिवळ्यात. पण सोबत दोन कुणब्यांच्या होत्या, एक गोंडांची, दोन आणखी. मग मी एकेकीला विचारलं, तुझी माय काय करते?

एकीची कापूस वेचायला जाते. एकीची दुसऱ्याच्या घरी भांडी घासते. रामाकोन्याच्या पोरीची माय रोजानं निंदायला जाते. तिगावच्या पोरीची बस स्टँडवर भाजी विकते. अकराच्या अकरा आया घराबाहेर हातानं राबणाऱ्या.

मग मी एका निळ्या पोरीला विचारलं. आमच्याच गल्लीच्या मागची, कुणब्यांच्या आळीतली, तिच्या आईला मी ओळखते. माझ्या सुनेसोबत पॅकिंगला जाते ती. मी म्हटलं, तुला निळी कशी काय? ती इकडंतिकडं पाहून हळूच बोलली,

"आजी, मी गृहिणी लिहिलं होतं."

तेव्हा मला प्रज्ञाचा फॉर्म आठवला.

महिन्याभरापूर्वी कॉलेजातून फॉर्म आला होता. हिंदीत. प्रज्ञा भरत होती, मी शेजारी बसून वाचत होते. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, अक्षर लावून वाचते. एका रकान्यावर लिहिलं होतं, 'माता का व्यवसाय'. प्रज्ञानं पेन टेकवला, 'गृ' लिहिला. मी तिचा हात धरला. म्हटलं, घरात बसते का तुझी आई? सकाळी सातला जाते ती. खरं लिही. फळ छाटणी आणि पॅकिंग, असं लिही. खाली लिही की आजी पण तेच करत होती. प्रज्ञा म्हणाली, आजी, सगळे गृहिणीच लिहितात. मी म्हटलं, सगळे लिहू दे. तिनं 'गृ' खोडला आणि मी सांगितलं ते लिहिलं. खोडलेलं तसंच दिसत होतं. मला अभिमान वाटला होता.

म्हणजे तिच्या गळ्यात पिवळी पट्टी मीच घातली.

हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि तिसऱ्या दिवशी लॅबची पाळी आलीच नाही. सकाळी मॅडम शेडमध्ये आली, माझ्याजवळ उकिडवी बसली, गोड बोलली. फॉर्ममध्ये वाचलं म्हणे, अम्माजींचा मोठा अनुभव आहे, पोरींना दाखवा. मला वाटलं, काम पाहून प्रज्ञाला मान मिळेल. संशय घेणारी बाई मी, आणि गोड शब्दाला फसले. गेले आणि बसले सतरंजीवर.

परतीच्या बसमध्ये प्रज्ञा खिडकीकडं तोंड करून होती. बस निघाली, सौंसर मागं पडलं. मग खिडकीकडंच पाहत म्हणाली,

"तू काहून हसली?"

मी सीटचा दांडा धरून बसले आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. खून में है. रक्तात आहे.

लग्नानंतर सासूनं मला पहिल्यांदा पॅकिंगला नेलं, तेव्हा मी मधल्या फळांत चुरी मिसळली होती. व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं अख्खा ढीग पायानं उधळला आणि विचारलं, डोळे घरी ठेवून आली का. सगळ्या बाया पाहत असताना मी रांगत फिरून एकेक संत्रं गोळा केलं. तीन हंगाम लागले मला शिकायला. देठ लागून बोटं चिरायची, त्यात आंबट रस जायचा, भात कालवता यायचा नाही. रक्तात असतं तर पहिल्याच दिवशी आलं असतं.

आणि त्याच्याही मागचं. माझा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. गावाचं म्हणणं तेच होतं, यांच्या रक्तातच आहे ते. एक दिवस आज्यानं ओढणं बंद केलं. आमच्या सगळ्या वस्तीनं बंद केलं. गावानं विहिरीचं पाणी तोडलं, मजुरी तोडली, तरी नाही ओढलं. रक्त तेच राहिलं आणि काम सुटलं. मग ते रक्तात कधी होतं? ज्याला आपल्याकडून ते काम करून घ्यायचं असतं, त्याच्या तोंडात असतं ते.

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आता कोणी शिवी दिली असती तर मी त्याच जागी ओळखलं असतं. टाळ्या वाजवत दिलं म्हणून ओळखलं नाही.

संध्याकाळी घरी मी सगळं सांगितलं. फॉर्मचंही. सून चूल सारवून हात धुवत होती. प्रज्ञा माझ्यावर उसळली. म्हणाली, मी लिहून राहिली होती ना गृहिणी, तू लिहू नाही दिलं. तुझ्या अभिमानाची किंमत मी काहून देऊ? बरोबर बोलली. मी ऐकून घेतलं.

सुनेनं तिला एवढंच विचारलं, माझ्या कामाची लाज वाटली होती का तुले?

"लाज नाही वाटली," प्रज्ञा म्हणाली. "भीती वाटली."

कोणाला कशाची भीती, ते तिला सांगावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी शनिवार होता. जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी बस भरलेली, आम्ही उभ्यानं गेलो. प्रज्ञा माझ्याशी बोलत नव्हती, पण गर्दीत माझा दंड धरून होती.

मी आधी मॅडमला गाठलं. विचारलं, पिवळ्या पोरींना लॅब का दाखवली नाही? ती हसली. तिचं हसणं कधी संपत नाही. म्हणाली, ज्या कामात मुलगी रमेल तिथं आम्ही पाठवतो, घरात ज्याचा अनुभव आहे तिथं तिला सोपं जातं. मी म्हटलं, आणि जिची आई गृहिणी आहे, तिला स्वयंपाकघरात काहून नाही पाठवलं? लॅबमध्ये कशी रमली ती?

मॅडम आवाज खाली आणून बोलली. प्रज्ञा हुशार आहे, तिलाही वाईट वाटतं. आठातली एक जागा अजून रिकामी आहे. नवा फॉर्म भरून देता येईल. एकच शब्द बदलायचा, आईच्या कामाच्या जागी. आणि बारा वाजता मोठे साहेब येणार आहेत, फोटोवाले येणार आहेत, त्यांच्यासमोर अम्माजींनी कालच्यासारखं पाच मिनिटं बसायचं. बस. एवढंच.

खोटं सांगत नाही, माझं मन डगमगलं. पोरीचं काम होत होतं. मी तर चाळीस वर्षं खाली बसले, आणखी पाच मिनिटांनी माझं काय झिजणार होतं? पण आदल्या दिवशीच पोरीनं मला विचारलं होतं, तुझ्या अभिमानाची किंमत मी काहून देऊ. मग तिच्या नावानं लाचारीचा सौदाही मी करायचा नव्हता. मी म्हटलं, फॉर्म तिचा आहे, तिलाच विचारा.

प्रज्ञाला बोलावलं. मॅडमनं कोरा फॉर्म पुढं केला, पेन दिला, सगळं समजावून सांगितलं. प्रज्ञानं फॉर्म वाचला. पाठीमागची बाजूही वाचली. मग म्हणाली,

"मॅडम, मुली कशावरून निवडल्या, ते मले लिहून द्या."

मॅडम म्हणाली, असं काही लिहिलेलं नसतं बेटा.

"मंग मी शब्द कायले बदलू? त्यानं काही होत नसेल तं राहू द्या. आणि होत असेल तं तसं लिहून द्या."

तिनं पेन टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मॅडमचं हसणं तेव्हा संपलं. मी पहिल्यांदा तिचा खरा चेहरा पाहिला. थकलेला होता. तिलाही वर कोणाला तरी यादी द्यायची असेल. पण त्याची दया मला आली नाही, आणि आता येत नाही.

बाराला साहेबाची गाडी आली. एक माणूस कॅरेट उचलून स्टेजवर घेऊन गेला, सतरंजी अंथरली आणि मला हातानं खूण केली. मी जागची हलले नाही. तो जवळ आला. पाच मिनिटांचं तर काम आहे अम्मा, साहेब थांबले आहेत.

"मी बसत नाही."

तो म्हणाला, मग कोण बसेल?

मी म्हटलं, साहेबाले बसव. तीन हंगामात शिकून जाईल.

मागं रामाकोन्याची पोरगी फिसकन हसली. बाकी हॉलमध्ये कोणी हसलं नाही. सतरंजी तशीच रिकामी राहिली आणि साहेबानं खुर्चीवरून भाषण केलं. भाषणात मुलींनी मोठी स्वप्नं पाहावी, असं होतं.

मग आठ नावं वाचली. आठही निळ्या. पेपर राहिलेली त्यात होती, आणि आमच्या गल्लीमागची, गृहिणी लिहिलेलीही होती. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिची आई आजही सातला सुनेसोबत पॅकिंगला जाते. फक्त तिच्या पोरीच्या कागदावर ती घरात बसली आहे.

प्रज्ञाला लॅब मिळाली नाही. ते यंत्र तिनं अजून पाहिलेलं नाही. कोणी म्हणेल, आजीच्या ताठ्यानं पोरीचं नुकसान झालं. झालंच. मी ते नाकारत नाही. काही दिवस ती माझ्याशी तुटक वागली, तेही बरोबरच होतं.

पण पुढच्या रविवारी तिनं स्वतःच वही काढली आणि कॉलेजच्या नावानं अर्ज लिहिला. आमचे फॉर्म कंपनीला कोणी दिले. आईच्या कामाची माहिती कशासाठी घेतली. निवडीचा नियम दाखवा. तीनच ओळी. अकरापैकी सात जणींनी सह्या केल्या. चौघींनी नाही केल्या. एकीचा बाप मला म्हणाला, माय, कंपनीशी वैर नको, घरात अजून एक पोरगी आहे.

अर्ज घेऊन मी कॉलेजात जाते. पोरींची परीक्षा आहे, मला काही नाही. सर म्हणतात, कागद कंपनीकडं आहेत. कंपनीच्या गेटवर सांगतात, कागद कॉलेजकडं आहेत. दोघांपैकी एकाकडं तर असतीलच. मी सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते. पाच सोमवार झाले. शिपाई आता मला पाणी आणून देतो. मागच्या सोमवारी सर बाहेर येऊन म्हणाले, अम्मा, एका पोरीसाठी किती फेऱ्या मारता. मी म्हटलं, एक नाही, अकरा. ते पुन्हा आत गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म येईल. मी आमच्या वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं आहे, कुणब्यांच्या आळीतही सांगितलं आहे, रामाकोन्याच्या पोरीनं तिच्या गावात सांगितलं आहे. आईचं काम विचारलं, तर आधी विचारायचं, हे तुम्हाला कशाला पाहिजे. उत्तर कागदावर, सहीनं. ते मिळालं नाही तर एकही पोरगी फॉर्म भरणार नाही. त्यांच्या कार्यक्रमाला पोरी लागतात, फोटोला पोरी लागतात. पोरींशिवाय करून पाहावा त्यांनी कार्यक्रम.

आणि उत्तर दिलं, तर रकान्यात खरंच लिहिलं जाईल. त्यानंतर कोणाच्या गळ्यात काय बांधतात, ते पाहायला मी तिथं उभी असेन.